मृत्युपत्राच्या नकलेला 'नोंद आढळून येत नाही' हाच शेरा येतोय? अर्ज बदलून बघा

पणजोबांच्या मृत्युपत्राची नक्कल मागायला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अर्ज दिला. तीन आठवड्यांनी अर्जावरच शेरा मारून मिळाला, 'शोध घेतला असता नोंद आढळून येत नाही.' पुन्हा अर्ज, पुन्हा तोच शेरा. तिसऱ्या वेळी शिक्क्याची शाई तेवढी निळ्याची जांभळी झाली होती.

घराण्याची वंशावळ जुळवायला बसलेल्या खान्देशातल्या निम्म्या लोकांची गाडी इथेच अडते. दुसऱ्या शेऱ्यानंतर माणूस म्हणतो, जाऊ दे, वाळवीने खाल्लं असेल. मीही म्हणालो होतो. पण शेरा नीट वाचा. तुम्ही जे नाव, जे वर्ष आणि जी वही सांगितली तिथे काही मिळालं नाही, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. माझ्या बाबतीत नाव, वर्ष, वही आणि कार्यालय, चारही चुकलेलं होतं, आणि अर्ज मीच लिहिलेला होता.

आधी ठरवा, तो कागद मृत्युपत्रच होता का

घरात सगळे 'आप्पांचं मृत्युपत्र' म्हणायचे. आत्याआजी तर ठासून सांगायची, "आप्पानी कागद करी ठेयेल व्हता." कागद केला होता हे खरं, पण जुन्या माणसांच्या बोलण्यात स्टँपावर लिहिलेलं काहीही मृत्युपत्र होतं.

१९५६ चा हिंदू वारसा कायदा येईपर्यंत एकत्र कुटुंबातल्या माणसाला वडिलार्जित मिळकतीतला आपला न वाटलेला हिस्सा मृत्युपत्राने कुणाला देताच येत नव्हता. त्यामुळे चार भाऊ एका चुलीवर जेवत असतील आणि जमीन बापजाद्यांची असेल, तर मृत्युपत्र निघण्याची आशा कमी. तिथे वाटणीपत्र शोधा. पोटी मुलगा नसेल तर दत्तकपत्र शोधा, मुलीला किंवा भाच्याला काही दिलं असेल तर बक्षीसपत्र. मृत्युपत्र करायचे ते स्वतःच्या कमाईची मिळकत असलेले, निपुत्रिक असलेले, नाहीतर दोन घरं, म्हणजे दोन बायका झालेले. आमच्या आप्पांनी कापसाच्या पैशातून स्वतः दोन शेतं घेतली होती, म्हणून आमचा संशय टिकला.

हा फरक इतका ताणून सांगतो, कारण प्रत्येक कागदाची वही निराळी आहे. वाटणीपत्र, खरेदीखत आणि जमिनीचं बक्षीसपत्र पुस्तक क्रमांक १ मध्ये जातं. मृत्युपत्र आणि दत्तक घेण्याचा अधिकार देणारा लेख पुस्तक क्रमांक ३ मध्ये. दत्तकविधान झाल्याचं दत्तकपत्र क्रमांक ४ मध्ये. (आपल्याकडच्या विधवेला नवऱ्याने लेखी अधिकार दिलेला नसला तरी दत्तक घेता यायचा, म्हणून अधिकारपत्रं फारशी हाती लागत नाहीत.) १९०८ च्या नोंदणी कायद्यात ही मांडणी आहे आणि त्याआधीच्या १८७७ च्या कायद्यातही क्रमांक ३ मृत्युपत्रांचाच होता.

निबंधकाकडे जाण्याआधी तलाठ्याकडे

मी उलटं केलं आणि सहा महिने घालवले. आधी जुना फेरफार काढा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, आणि गावोगावच्या फेरफाराच्या वह्या त्यानंतरच्या. शेत आप्पांच्या नावावरून पुढच्या नावावर कसं गेलं, ते गाव नमुना सहाच्या त्या नोंदीत एका ओळीत लिहिलेलं असतं: 'वारसाने', 'वाटणीने', 'खरेदीने' किंवा 'मृत्युपत्रावरून'. बहुतेक जुने फेरफार आता स्कॅन झालेत. नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. आजचा सर्व्हे नंबर जुना नसतो, गट नंबर चकबंदीनंतरचा. म्हणून गटावरून जुना सर्व्हे नंबर, त्यावरून सातबारा, सातबाऱ्यावर गोल केलेले फेरफाराचे आकडे, आणि ते आकडे धरून मागे मागे जायचं.

आमच्या फेरफाराची ओळ अशी होती: 'मयत उखर्डू वलद झिपरू याचे नोंदलेले मृत्युपत्रावरून.' साल १९२०.

या एका ओळीने तीन गोष्टी दिल्या. कागद मृत्युपत्रच होता. तो नोंदलेला होता. आणि आप्पांचं कागदोपत्री नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

नावात अडकलं असेल तर

घरात आप्पा. देवघरातल्या फोटोखाली 'ओंकार'. माझ्या पहिल्या तिन्ही अर्जांत 'ओंकार झिपरू पाटील'. सरकारी वहीत उखर्डू. आधीची लेकरं जगली नाहीत की नव्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून उकिरड्याचं, दगडाचं, धोंड्याचं नाव ठेवायचे. खान्देशातल्या जुन्या वह्या उखर्डू, दगडू, धोंडू, भिका, झिपरू यांनी भरलेल्या आहेत. पोरं शिकली, नोकरीला लागली, आणि बापाचं नाव त्यांनी फोटोखाली सुधारून घेतलं.

आडनावाचा भरवसा धरू नका. 'पाटील' हा मान आहे, तो कधी लागतो, कधी नाही. जुन्या सूचीत आधी नाव, मग वलद किंवा बिन, मग बापाचं नाव येतं. बाईच्या नावात 'कोम' किंवा 'मर्द' आलं की पुढे नवऱ्याचं नाव. 'भागाबाई कोम उखर्डू' म्हणजे उखर्डूची बायको भागाबाई. सूची पहिल्या नावावरून लावलेली असेल तर 'पाटील' म्हणून शोधणाऱ्याला ती दिसणारच नाही. आणखी एक, मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत आणि लिहिणारा कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहायचा. उखर्डू, उखडू, उकर्डू हे एकाच माणसाचे तीन अवतार. अर्जात सगळे द्या.

वर्षात अडकलं असेल तर

इथे सगळ्यात जास्त माणसं चुकतात.

आत्याआजीजवळ एका चोपडीत मृत्युपत्राचा शक टिपलेला होता: शके १८३२, साधारणनाम संवत्सरे, फाल्गुन. मी ७८ मिळवले आणि १९१० लिहून मोकळा झालो. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ बरोबर, पण जानेवारी उजाडला की पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. फाल्गुन १८३२ म्हणजे १९११ चा मार्च. मारवाडी किंवा गुजराती सावकाराच्या हातचा कागद असेल तर तो विक्रम संवताचा असू शकतो, तिथे ५७ किंवा ५६ वजा करायचे. हा हिशेब चुकला की पूर्ण वर्षाने चुकतो.

पण १९११ मध्येही नोंद नव्हती. कारण कागद लिहिण्याची तारीख आणि नोंदवण्याची तारीख यांचा मृत्युपत्राच्या बाबतीत संबंध असेलच असं नाही. खरेदीखताला चार महिन्यांची मुदत असते, मृत्युपत्राला मुदतच नाही. ते कधीही नोंदवता येतं, करणारा मेल्यावरसुद्धा. नोंदणी कायद्याच्या कलम ४० प्रमाणे व्यवस्थापक (मृत्युपत्र अमलात आणायला त्यात नेमलेला माणूस) किंवा मृत्युपत्राखाली हक्क सांगणारा कुणीही ते सादर करू शकतो. मेलेल्याची सही ओळखणारे साक्षीदार आणायचे की झालं.

म्हणून मृत्यूची तारीख हुडका. आप्पांचा दाखला कुठला असायला? तहसीलमधून गाव नमुना १४ ची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीची नक्कल मिळते. लोक तिला कोतवाल बुकाची नक्कल म्हणतात आणि जात पडताळणीसाठी काढतात. तुमच्या चुलत भावाने ती आधीच काढलेली असण्याचा संभव आहे, त्याची फाइल चाळा. आमच्या वहीत ऑक्टोबर १९१८ च्या पानावर सगळीकडे एकच कारण होतं, ताप. त्या एका पानावर आमच्या भावकीतली चार नावं. इन्फ्लुएंझाची साथ पुस्तकात वाचली होती, पण त्या पानावर तिचं अक्षर बघून थोडा वेळ पुढे सरकता आलं नाही.

मग हिशेब लागला. १९११ ला लिहिलेलं, १९१८ ला आप्पा गेले, १९२० ला फेरफार झाला. म्हणजे नोंदणी १९१८ ते १९२० च्या मधली.

शोध फी वर्षांच्या हिशेबाने लागते, म्हणून लोक एकच वर्ष टाकतात. तीन वेळा एकेक वर्ष टाकून तीन फेऱ्या मारण्यापेक्षा एकदाच पंधरा वर्षांचा पट्टा मागा. एसटीच्या भाड्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

वहीत अडकलं असेल तर

माझ्या अर्जात मी ऐटीत लिहिलं होतं, 'इंडेक्स २ चा शोध घेऊन.' सातबारा, बँकेचं कर्ज, फ्लॅट, सगळीकडे इंडेक्स २ ऐकतो ना आपण. कारकुनाने इमानाने इंडेक्स २ शोधला. तो पुस्तक क्रमांक १ चा, मिळकतीवरून लावलेला. मृत्युपत्र त्यात कधीच नसतं. मृत्युपत्राची सूची क्रमांक ३ आहे आणि तीत मृत्युपत्र करणाऱ्याचं आणि व्यवस्थापकाचं नाव असतं. म्हणजे आजोबाचं नाव सापडत नसेल तर व्यवस्थापकाच्या नावानेही शोध मागता येतो. बहुतेकांना हे सुचत नाही.

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरच्या मोफत शोधातही म्हणूनच काही येत नाही. तो शोध इंडेक्स २ चा, आणि मुंबईबाहेर २००२ पासूनचा. तिथे पणजोबा शोधू नका.

'तुम्ही वारस आहात का?'

हा प्रश्न खिडकीवर हमखास येतो. वारसाचा दाखला, सगळ्या भावंडांचं संमतिपत्र, काय काय मागतात. नोंदणी कायद्याचं कलम ५७ शांतपणे पुढे करा. मृत्युपत्र करणारा जिवंत असेपर्यंत नक्कल फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला. तो मेल्यावर अर्ज करणाऱ्या कुणालाही. वारस असण्याची अट त्यात नाही. मृत्यूचा पुरावा मात्र जोडा, तो मागणं रास्त आहे.

त्याच कलमात दुसरी बाजूही आहे. पुस्तक १ तुम्ही स्वतः चाळू शकता, पण ३ आणि ४ मधला शोध नोंदणी अधिकाऱ्यानेच घ्यायचा. "वही द्या, मी बघतो" म्हणून भांडण्यात अर्थ नाही, कायदा त्यांच्या बाजूने आहे. तुमच्या हातात फक्त अर्जाचा मजकूर असतो. माझ्या चौथ्या अर्जाचा मजकूर देतो, हवा तसा फिरवून घ्या:

'मौजे … येथील कै. उखर्डू वलद झिपरू पाटील (मृत्यू ऑक्टोबर १९१८, गाव नमुना १४ ची नक्कल सोबत) यांच्या मृत्युपत्राचा शोध पुस्तक क्र. ३ व सूची क्र. ३ मध्ये सन १९११ ते १९२५ या काळासाठी घेऊन, नोंद आढळल्यास तिची प्रमाणित छायाप्रत मिळावी. सूचीत नाव उखडू, उकर्डू, ओंकार असेही असू शकेल. व्यवस्थापक म्हणून पत्नीचे बंधू … यांचे नाव असू शकेल. मृत्युपत्र मृत्यूनंतर सादर झालेले असण्याचा संभव आहे.'

'छायाप्रत' हा शब्द सोडू नका. मजकूर मोडीत असला तर आजचा कारकून तो उतरवून देऊ शकत नाही, आणि मग 'अभिलेख अवाचनीय' असा नवाच शेरा येतो.

ठिकाण

चौथ्या अर्जाचंही उत्तर 'नाही' आलं.

आमचं गाव गिरणेकाठचं, म्हणून मी तिथल्याच तालुक्याला धरून बसलो होतो. जमिनीचा कागद जिथे जमीन तिथल्या कार्यालयात नोंदवावा लागतो. मृत्युपत्राला हे बंधन नाही, ते कोणत्याही दुय्यम निबंधकाकडे चालतं. पणजीचं माहेर पांझरेकाठी आणि व्यवस्थापक तिचा भाऊ. त्याने कागद स्वतःच्या तालुक्याला नेऊन नोंदवला. नदी बदलली, जिल्हाही बदलला.

खान्देशात हा घोळ वाढतो, कारण हद्दी सारख्या हललेल्या आहेत. १९०६ पर्यंत एकच खान्देश, कलेक्टर धुळ्याला. मग पूर्व खान्देश जळगावला आणि पश्चिम खान्देश धुळ्याला. नंदुरबार जिल्हा १९९८ चा. मालेगाव, नांदगाव, बागलाण हे १८६९ पर्यंत खान्देशात होते, मग नाशकात गेले. १८८० च्या गॅझेटिअरात सावदा, पिंपळनेर, विरदेल ही तालुक्यांची नावं दिसतात. त्या जागी पुढे रावेर-यावल, साक्री आणि शिंदखेडा आले. मुक्ताईनगरवाल्यांनी 'एदलाबाद' म्हणून शोधायचं. तुमच्या गावाचा त्या वर्षीचा तालुका कोणता, हे जुन्या फेरफाराच्या मथळ्यावरच छापलेलं असतं. जुन्या वह्या तालुक्याला नसतील तर सह जिल्हा निबंधकाच्या अभिलेख कक्षात विचारा, आणि १९०६ पूर्वीचं काही असेल तर जळगावकरांनीही धुळ्याला एक अर्ज टाकावा.

घरातलं कुणी गिरणीत किंवा गोदीत मुंबईला होतं आणि तिथे खोली-चाळ घेतली होती, तर वाट वेगळी. मुंबईतल्या मिळकतीच्या हिंदू मृत्युपत्रांना १८७० च्या कायद्यापासून प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाकडून शाबीत करून घेण्याचा नियम लागला, म्हणून तो कागद उच्च न्यायालयाच्या दफ्तरात असू शकतो. खान्देशात प्रोबेटची सक्ती नव्हती, त्यामुळे 'कोर्टात प्रोबेट शोधा' हा मुंबईकरांचा सल्ला आपल्याकडे फारसा चालत नाही.

नोंदलेलंच नसेल तर

मृत्युपत्र नोंदवणं कधीच सक्तीचं नव्हतं. त्यात १९२७ च्या आधी आपल्या भागात हिंदूचं मृत्युपत्र साक्षीदारांशिवाय, अगदी तोंडीसुद्धा चालायचं. तोंडी कागद कुठे शोधणार? त्याची सावली तेवढी सापडते. भाऊबंदकी झाली असेल तर दिवाणी दाव्यात, १८२७ च्या रेग्युलेशनखाली काढलेल्या वारसाच्या दाखल्याच्या फाइलीत, किंवा फेरफाराच्या तक्रारीच्या वहीत साक्षीदाराचे जबाब असतात: 'मयताने आमचेसमक्ष सांगितले की…' वंशावळीच्या दृष्टीने असा जबाब कधी कधी मृत्युपत्राहून भारी, कारण भांडणात माणसं सगळी नाती उघडी करतात.

दोन फटी आणखी. मोहोरबंद पाकिटात मृत्युपत्र जिल्ह्याच्या निबंधकाकडे ठेवण्याची सोय होती, त्याची नोंद पुस्तक ५ मध्ये. करणारा मेल्यावर कुणीही अर्ज करून ते आपल्या खर्चाने उघडायला लावू शकतो, मग ते पुस्तक ३ मध्ये उतरवलं जातं. आणि नोंदवून परत न नेलेले कागद दोन वर्षांनी नष्ट करायची मुभा कार्यालयाला आहे, पण कायद्याने त्यातून मृत्युपत्रं वगळली आहेत. म्हणून 'न नेलेली मूळ मृत्युपत्रं आहेत का' हेही अर्जात विचारा. माझ्या ओळखीत एकालाच त्यातून मिळालं, पण मिळालं.

नक्कल हातात आल्यावर

पांझरेकाठच्या तालुक्यातून पाच पानांची छायाप्रत आली. १९१९ ची नोंद, सगळी मोडी. वहीतला मजकूर म्हणजे त्या काळच्या कारकुनाने मूळ कागदावरून उतरवलेला, त्यामुळे आप्पांचा हात त्यात शोधू नका. सहीच्या जागी कारकुनाने शब्दांत लिहिलेलं होतं, 'निशाणी नांगर'. कुणबी सहीऐवजी नांगर काढायचा, बाई बांगडी. मूळ कागद नोंदवणाऱ्याला परत दिलेला असतो, म्हणजे तो व्यवस्थापकाच्या वंशजांच्या ट्रंकेत असला तर असेल.

मोडी येत नसेल तर धुळ्याला जा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यातच वारले, ३१ डिसेंबर १९२६ ला, आणि १९२७ पासून त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे आहे. मोडी वाचणाऱ्या माणसाचा पत्ता विचारायला त्याहून चांगली जागा खान्देशात मला माहीत नाही. नक्कल पाठवताना गावाचं नाव, भावकीतली नावं आणि शेतांची नावं वेगळ्या कागदावर लिहून द्या. वाचणाऱ्याला मोडी येते, पण 'खारीचं वावर' हे तुमच्या शेताचं नाव आहे हे त्याला कसं कळणार?

आमच्या पाच पानांत होतं ते असं: 'माझी कुटुंब भागाबाई हीस राहते घराचे पूर्वेकडील दोन खण व सालदरसाल दादर चार मण दोघा मुलांनी द्यावी.' (दादर म्हणजे आपल्याकडची ज्वारी.) दोघा? आम्हाला एकच आजोबा ठाऊक. दुसऱ्याचं नाव पुढच्या ओळीत होतं, आणि नमुना १४ च्या त्या तापाच्या पानावर आप्पांच्या खाली सहा दिवसांनी तेच नाव होतं. आम्ही ते कुणीतरी चुलत म्हणून सोडून दिलं होतं.

आणि शेवटच्या पानावर, साक्षीदारांच्या वर, एक ओळ: 'यापूर्वी आम्ही केलेला लेख रद्द समजावा.'

म्हणजे आणखी एक कागद आहे. अर्ज गेल्या सोमवारी टाकला, सन १८९५ ते १९११, पुस्तक क्र. ३, आणि या वेळी धुळ्याला.